मोती गुहागरला निघाला

अगं ए, ये जरा इकडे भिंतीशी. दूधवाला सांगत होता, शनिवारपासून आठ दिवस दूध बंद. मोतीला घेऊन गुहागरला निघालात म्हणे? बघ बाई, मधे कमरेएवढी भिंत, आणि बातमी यायची दूधवाल्याकडून!

किती वाजता निघणार? नाश्ता-बिश्ता करून? म्हणजे दहा वाजलेच. मे महिन्यातल्या शनिवारी दहाला निघालात तर खेड शिवापूरच्या टोलनाक्यावरच अर्धं पुणं भेटेल. साताऱ्याला ऊन डोक्यावर, आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळुणात शिराल तेव्हा हवा अशी की बसल्या जागी भिजावं. आपल्याला निदान घाम तरी येतो गं. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना. बाकी अंगातली धग जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवायची. हवा दमट असली की तोंडातला ओलावा वाळत नाही, मग धापेचाही फारसा उपयोग नाही. समोरच्यांचा पग बघतेस ना, चपट्या नाकाचा? तो तर इथे गच्चीवर जाऊन आला तरी घरघरतो. त्याला मे महिन्यात कोकण दाखवायला न्यायचं त्यांच्या मनात आहे, मी काही बोलले नाही. नाही, बोलले थोडंसं.

तर तुम्ही पहाटे चारला वारज्याचा पूल ओलांडा. उंब्रजला आत वळून पाटण, कोयनानगर करत घाट उतरा आणि अकराच्या आत चिपळूण मागे टाका. नवरा उठत नाही? मोतीला सोड त्याच्या अंगावर.

मोती गाडीत बसलाय कधी? फक्त डॉक्टरांकडे जाताना? घ्या! म्हणजे गाडी म्हणजे सुई, एवढंच त्या बिचाऱ्याला ठाऊक. म्हणून तर दार उघडलं की चारी पाय रोवून उभा राहतो आणि तुझा नवरा त्याला पोत्यासारखा आत ढकलतो. हो, दिसतं मला गॅलरीतून. आजपासून एक कर. संध्याकाळी गाडी बंद, दारं उघडी, तू मागच्या सीटवर बस आणि हातात चिकनचा तुकडा धर. येईल आपोआप. आला की दे आणि उतरू दे. उद्या इंजिन सुरू करून तेच. परवा टेकडीपर्यंत ने, हुंदडू दे, परत आण. खरं तर याला पंधरा दिवस हवे होते, पण दूधवाल्यालाच उशिरा कळलं त्याला मी काय करू!

आता घाटाचं ऐक. तुझा मोती अजून वर्षाचाही नाही. पिल्लांच्या कानातला तोल सांभाळणारा भाग पुरता तयार झालेला नसतो, म्हणून त्यांना गाडी जास्त लागते. मोठी झाली की बरीचशी सुधारतात. पण ओकण्याआधी कुत्रं सांगतं बरं का, आपलं लक्ष हवं. आधी गप्प होतं. मग उगाच जांभया. मग जीभ सारखी नाकावरून फिरते, ओठ चाटले जातात. मग तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबायला लागते. ती तार दिसली की नवऱ्याला ‘पुढे जागा बघून थांबू’ म्हणू द्यायचं नाही. जिथे सुरक्षित कड मिळेल तिथे गाडी बाजूला घ्यायची, नाहीतर सीट कव्हर धुवायला गुहागरच्या विहिरीवर तूच बसशील.

गोळी? तुमच्या प्रवासाच्या पाकिटातली अर्धी मोडून वगैरे मुळीच द्यायची नाही. कुत्र्यांची गोळी वेगळी मिळते, वजनावर मात्रा ठरते, डॉक्टरांना विचारून आण. आणि झोपेची गोळी देऊन आडवा करू म्हणत असेल कोणी, तर त्याला मोतीच्या जागी बसवा. गुंगीतल्या कुत्र्याला वळणावर तोल सावरता येत नाही आणि अंगही नीट थंड ठेवता येत नाही.

पोट हलकं असलं की निम्मं काम झालं. आदल्या रात्री जेवण लवकर आणि बेताचं, पहाटे फक्त पाणी, पुढचं खाणं मुक्कामी. पण तुझ्या सासूबाई! ‘मुक्या जिवाला उपाशी नेतेस’ म्हणून निघताना हळूच शिरा भरवतील. तोही बेदाणे घातलेला. द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला विष गं, किडनीवर जातात. तूप-साखरेचं तर सोडच. डबा तुझ्या पायाशी ठेव. मी म्हणाले असं मात्र सांगू नकोस हं, आमचं आत्ताच कुठे पुन्हा बोलणं सुरू झालंय.

बसवणार कुठे त्याला? पुढे? मुळीच नाही. एअरबॅग उघडली तर तिचा फटका जिवावर बेतेल. मागच्या सीटवर, अंगात हार्नेस आणि तो सीटच्या बेल्टला अडकवलेला. गळ्यातल्या पट्ट्याला बांधायचं नाही, करकचून ब्रेक लागला तर मान धरली जाते. सीटपुढचा खड्डा कपड्यांच्या बॅगांनी भरून काढा, वर त्याची रोजची गोधडी टाका. धुतलेली नको, त्याच्या वासाचीच असू दे. काच चार बोटं खाली चालेल, पण डोकं बाहेर काढून वारा खायचे लाड नकोत. डंपरमागून उडालेला खडा सरळ डोळ्यात.

आणि दर दोन तासांनी थांबायचं. आमच्या ह्यांना विचारशील तर स्टिअरिंग हातात आलं की थेट मुक्कामी पोचण्यातच पुरुषार्थ. मागे बायको चुळबुळतेय, कुत्रं कुईकुई करतंय, हे आपले ‘आलंच की आता!’ तुझ्याकडेही तोच नमुना आहे, मला ठाऊक आहे. तर थांबायचं, पण हायवेवरच्या गजबजलेल्या धाब्याशी नको. उंब्रजला आत वळलात की पुढे शांत जागा बघा. घरचं पाणी, घरचं भांडं. आणि दार उघडण्याआधी साखळी हातात. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्यांचं ऐकलंस ना? दार उघडलं, कुत्रं समोरच्या शेळ्यांमागे, आणि घरधनी उसाच्या फडात अनवाणी! मिळालं म्हणा. पण सासरी पोचेपर्यंत दोघांत अबोला.

गाडीत एकटं ठेवून मिसळ खायला उतरायचं नाही. बाहेर एकवीस अंश असले तरी बंद गाडीत दहा मिनिटांत बत्तीसच्या घरात जातं, अर्ध्या तासात चाळीस. आणि मे महिन्यात एकवीस कुठलं आलंय! काच फटीएवढी उघडी ठेवून काही होत नाही. आळीपाळीने खा. व्याडेश्वराच्या दर्शनालाही तसंच, एक आत, एक बाहेर सावलीत. तुझ्या नवऱ्याला बाहेर ठेव, नाहीतरी त्याचं देवाकडे काही काम नसतं.

तिकडे गेल्यावर समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, ओकाऱ्या होतात. माशाचे काटे आणि आंब्याच्या कोया लांब ठेवा. कोय गिळली तर आतड्यात अडकते आणि पोट कापावं लागतं. रोज रात्री कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघायची.

आणि येताना जीव राखून खरेदी करा. जाताना मोतीला अख्खी सीट, आणि येताना आंब्याच्या पेट्यांवर पेट्या, फणस, कोकमाच्या बरण्या, आणि मोती फणसाच्या काट्यांवर! पेट्या डिकीत जेवढ्या मावतील तेवढ्याच. त्यातली एक आमची धर. पाच डझनांची मिळते ती. पैसे आधी देते, नाहीतर तुझ्या सासूबाई म्हणायच्या, शेजारीण फुकटात आंबे खाते. काय? डिकीत जागा नाही होणार? मग तुझ्या नवऱ्याला सांग, फणस तिथेच खाऊन या.