अकरा नंबरवाल्यांचं गॅरेज

"अगं, ते दोरीवरचे कपडे आत घे आधी. अकरा नंबरवाले आज परत रेझिन कालवून बसलेत. तो वास एकदा साडीला लागला की सुटत नाही."

"पण काकू, चाललंय काय त्यांचं? मागे दारात एक गंजकी माझदा उभी होती. परवा बघते तर नुसती पत्र्याची टरफलं. आता तीही नाहीत."

"गेली भंगारात. तुला कुणी काही सांगतच नाही का गं? किट कार बांधतायत ते. सामान विकत आणायचं नि गाडी घरी जोडायची. इंग्रजांची जुनी हौस आहे ही. पूर्वी इथे तयार नव्या गाडीवर परचेस टॅक्स असायचा, सुट्या भागांवर नसायचा. लोटसने १९५७ साली सेव्हन काढली, ती लोक सुटी घेऊन घरी जोडायचे. पण सोबत जोडणीची कृती दिली तर कर लागणार. म्हणून म्हणे, गाडी सुटी कशी करायची याची कृती द्यायचे. घेणाऱ्याने ती शेवटून वाचायची!"

"हे तर आपल्या सदाशिव पेठेतलं डोकं."

"मग काय! १९७३ साली व्हॅट आला, ती सवलत गेली. हौस राहिली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले, ते आजही किट विकतात. अकरा नंबरच्या भाऊजींना तीच हवी होती. वहिनींनी किंमत ऐकली आणि विचारलं, सगळं नवंकोरं खोक्यात भरून येणार, मग तुम्ही काय नुसते पाने फिरवणार? मला तर पटलं बाई. एवढे पैसे मोजायचे तर तयार गाडीच घ्यावी."

"म्हणून ती गंजकी आणली?"

"गंजकीच हवी होती! एमएक्स-५ ती, १९८९ पासूनची. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्याने तिच्या दाराखालचा पत्रा आणि मागच्या चाकावरची कमान पार खाऊन टाकलेली असते. मग गाडी एमओटीच्या वार्षिक तपासणीत नापास होते, मालक वैतागून येईल त्या भावात देऊन टाकतो. इंजिन, गिअरबॉक्स मात्र ठणठणीत. एक्सोसेट म्हणून किट आहे, तिला नेमकं हेच लागतं. वरचा पत्रा सोडवून उचलायचा, खाली इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत सगळं जमिनीवर तसंच राहतं, त्यावर नळ्यांचा नवा पिंजरा बसवायचा. पत्रा उचलायला आमच्या ह्यांनाही बोलावलं होतं, एक कोपरा धरायला. दोन दिवस कंबर धरून होते."

"पण हे सगळं त्या एवढ्याशा गॅरेजात?"

"तीच तर मजा. इथली जुनी गॅरेजं केवढी, सोळा फूट बाय आठ. त्यात ही गाडी उभी केली की दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वा फूट. आणि आत भरलेलं काय? गणपतीचं मखर, मुलांच्या सायकली, भारतात जायच्या सुटकेसा."

"आमच्याकडेही तेच आहे."

"सगळ्यांकडे तेच असतं. वहिनींनी अट घातली, गॅरेज मोकळं झाल्याशिवाय एक बोल्टही विकत आणायचा नाही. सगळं बाहेर काढलं, भिंती पांढऱ्या केल्या, वर एलईडीच्या नळ्या लावल्या. पडलेला नट दिसला पाहिजे, म्हणून फरशीला फिकट रंग. हत्यारं गंजू नयेत म्हणून ओलावा शोषायचं यंत्र. जॅक फक्त उचलण्यापुरता, खाली शिरायचं तर आधी स्टँड लावायचे. स्टँड दिसले नाहीत तर चहा मिळत नाही भाऊजींना."

"वहिनींना गाड्यांतलं एवढं कळतं?"

"गाड्यांतलं नाही गं, कागदांतलं. नंबराचं ऐकलंस ना? नियम असा आहे की किटचा सांगाडा नवा हवा आणि दोन मोठे भाग एकाच जुन्या गाडीचे आहेत असं दाखवता आलं पाहिजे. तरच त्या जुन्या गाडीच्या वयाचा नंबर मिळतो. इंजिन एकीकडचं, गिअरबॉक्स दुसरीकडचा असं केलं तर क्यूने सुरू होणारा नंबर गळ्यात पडतो. भाऊजी भंगारवाल्याकडे एका इंजिनावर भाळले होते. स्वस्त होतं. वहिनींनी दंडाला धरून बाहेर आणलं."

"बरोबरच केलं."

"आता रजिस्टर घातलंय. प्रत्येक पावती चिकटवायची, प्रत्येक भागाचा फोटो काढायचा. बोल्ट लोणच्याच्या बरण्यांत. वायरींच्या जुडग्याला मराठीत चिठ्ठ्या लावल्यात: डावा दिवा, भोंगा, पेट्रोल पंप. एकीवर नुसतं 'हात लावू नका' आहे. ती कशाची, हे भाऊजींनाही ठाऊक नाही."

"आणि गाडी झाली की लगेच रस्त्यावर?"

"छे! आधी आयव्हीए तपासणी. शंभर मिलिमीटरचा गोळा असतो, तो बाहेरून जिथे जिथे टेकेल तिथली कड निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोल हवी. आपटलं तर माणूस चिरायला नको. म्हणून भाऊजी आत्तापासून कडांना रबराच्या पट्ट्या लावत सुटलेत. पण निदान तपासायला माणूस आहे इथे. सांगलीकडच्या त्या कारागिराने भंगारातून जीप केली होती, आठवतं? २०२१ मध्ये व्हिडिओ फिरत होता. आनंद महिंद्रांनी बदल्यात बोलेरो दिली, कारण ती जीप नियमात बसणारी नव्हती. हात तेवढेच कसबी, पण घरी केलेली गाडी पास करून घ्यायला त्याने जायचं कुठे?"

"खर्चाचं काय पण?"

"जुन्या गाडीची दारं विकली, सीटा विकल्या, दिवे विकले. गाडीचे निम्मे पैसे तिथेच उभे राहिले म्हणतात. भाऊजी म्हणतात हं, रजिस्टर मी पाहिलेलं नाही. राहिलंय फक्त कडक छत. ते आत्ता काढायचं नाही, थंडी तोंडावर आली की भाव येतो त्याला. गॅरेजात तर आता उभं राहायलाही जागा नाही. मडगार्डं माझ्याकडे आहेत, पाहुण्यांच्या पलंगाखाली."

"अगंबाई. आणि छत?"

"तेच म्हणत होते मी. तुझ्या बागेतल्या शेडमध्ये उजवीकडची भिंत रिकामी आहे ना? ऑक्टोबरपर्यंत फक्त. उभं ठेवलं की काही जागा खात नाही."

"काकू, तुम्ही मुळात यासाठीच आलात कुंपणाशी?"

"कपडे वाचवले ना तुझे? हे घे, वहिनींनी पोच लिहूनच दिलीय. तारीख घाल आणि इथे सही कर."