बिनव्याजी बँक, भोसरी शाखा

देशातली सर्वांत उदार बँक भोसरी एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तिथे दोन लेथ आणि एक व्हीएमसी मशीन चालतं, सात माणसं राबतात आणि बड्या कंपन्यांना बिनव्याजी कर्ज मिळतं. तारण नको, जामीनदार नको. नुसती पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, पाठवायची. माल जातो, पैसे राहतात. या बँकेचा मालक माझा मित्र. आपण कारखानदार आहोत, असा त्याचा समज आहे.

सरकारचाही तोच समज. म्हणून २००६ च्या कायद्यात लिहून ठेवलं : सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्या, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केलात तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. वाचूनच कुणाला घाम फुटावा! मित्राने हे व्याज आजवर एकदाही मागितलेलं नाही. मागितलं तर व्याज मिळेलही, पण पुढची पीओ मिळणार नाही. तक्रारीसाठी २०१७ साली ‘समाधान’ नावाचं पोर्टल आलं. नाव अगदी योग्य. तक्रार न करणारा तो समाधानी.

मग २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकराची काठी काढली. मुदतीत पैसे चुकते केले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च उत्पन्नातून वजा होणार नाही. आता तरी पैसे येतील म्हणून मित्र फोनची वाट पाहत बसला. फोन आला, परचेस खात्यातून. “शेठ, तुमचं ते सूक्ष्म उद्योगाचं उद्यम रजिस्ट्रेशन रद्द करता येईल का?”

लहानांचे लाड आपण पूर्वीपासून करत आलो आहोत. १९७७ साली जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी १८० वरून ५०४ वर गेली, पुढे तर आठशेच्याही वर. लोणचं मोठ्या कारखान्याने घालायचं नाही, हे दिल्लीत ठरत होतं. हेतू चांगला होता. फक्त जो वाढला, तो यादीबाहेर पडला. मग वाढणारा शहाणा माणूस बायकोच्या नावाने शेजारी दुसरी शेड टाकायचा. शेवटच्या वीस वस्तू एप्रिल २०१५ मध्ये मोकळ्या झाल्या. त्यांत लोणचं होतंच.

आता उलटा प्रकार. १ एप्रिल २०२५ पासून (तारीख सरकारनेच निवडली आहे) शंभर कोटींपर्यंत उलाढाल आणि पंचवीस कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग ‘लघु’ ठरला. आदल्या दिवशी जे मध्यम होते, त्यातले कित्येक सकाळी उठले तेव्हा लहान झाले होते. आमचा मित्र आधी सूक्ष्म होता, अजूनही सूक्ष्मच आहे. पण सूक्ष्मची मर्यादाही वाढली आणि आता त्याच्या रांगेत दहा कोटींची उलाढालवाले उभे आहेत. कर्जाची योजना आली की बँकेचा साहेब कुणाला आधी खुर्ची देईल, ते सांगायला नको.

मोठ्यांचं गणित सरळ आहे. उत्पादन वाढवा, सरकारकडून प्रोत्साहन घ्या : १४ क्षेत्रं, जवळपास दोन लाख कोटी रुपये. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांसाठीही खरेदीचं धोरण आहे. त्यांनी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून करावी, असा नियम आहे. खरेदीची टक्केवारी मोजतात; बिलं किती दिवस पडून राहिली, त्याची मोजणी पुरवठादाराने घरी करायची.

परवा शेडवर गेलो तेव्हा मित्र कॅश क्रेडिटमधून पैसे उचलत होता. त्यावर व्याज त्यालाच भरायचं आहे. महिन्याची वीस तारीख होती आणि अजून पैसे न आलेल्या बिलांवरचा जीएसटी सरकारला त्याच दिवशी हवा होता.