बॉनेटकाका

सोसायटीत गाडीचं बॉनेट उघडून दोन मिनिटं नुसतं उभं राहावं, बॉनेटकाका येतात. बोलवावं लागत नाही. बॉनेटची दांडी खाचेत बसल्याचा 'खट्' आवाज त्यांना चौथ्या मजल्यावर, टीव्ही आणि मिक्सर दोन्ही चालू असताना ऐकू जातो. "पाण्याची मोटर बंद करा हो" ही हाक मात्र त्याच कानांना कधीच ऐकू गेलेली नाही.

पायात स्लिपर, खांद्यावर फडकं आणि भर दुपारीही हातात टॉर्च. आल्याआल्या काका इंजिनाकडे पाहत नाहीत, मालकाकडे पाहतात. रोगी आधी तो.

"काय, रेस घेत नाही?"

"हो ना काका. हलका पाय ठेवला तर बरी चालते. जास्त दाबलं की गुदमरते. चढावर तर मागचे रिक्षावाले शिव्या घालतात."

"कचरा."

"कसला कचरा?"

"कार्बोरेटरमधे. जेट काढायचा, फुंकर मारायची, परत बसवायचा. दहा मिनिटांचं काम. पाना आण."

आता या गाडीत कार्बोरेटर नाही, हे काकांना सांगायचं कुणी? मोटारींतून तो जाऊन वीस वर्षं उलटली. मालक चाचरत 'इंजेक्शन' म्हणतो. "तेच ते," म्हणून काका टॉर्च मारतात.

काकांचं सगळं इंजिनज्ञान १०८९ सीसीचं आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली प्रीमियर पद्मिनी त्यांच्याकडे होती. ती त्यांनी चालवली त्यापेक्षा जास्त दुरुस्त केली, आणि तीही बहुतेक खंडाळ्याच्या घाटात. उन्हाळ्यात चढावर इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी जागच्या जागी मान टाकायची. मग ओलं फडकं पंपाला गुंडाळायचं, वडापाव खायचा, निघायचं. खांद्यावरचं फडकं त्या काळापासूनचं आहे. आजही ते भिजवून काका इंजिनाच्या कुशीत पंप शोधत बसतात.

"पंप टाकीत असतो आता, काका. मागच्या सीटखाली."

"टाकीत? पेट्रोलात? विजेवर चालणारा?" काका दोन पावलं मागे सरतात. "आणि पेटत नाही?"

पेटत नाही. टाकीत पेट्रोलच्या वाफेच्या मानाने हवा फारच कमी असते, म्हणून नाही. पण काका त्या दिवसापासून मागच्या सीटवर बसत नाहीत.

मग काका स्वतः स्टिअरिंगवर बसतात आणि उभ्या गाडीला दणकून रेस देतात. काटा चार हजारांशी येऊन अडतो. "बघा! पुढे जातच नाही!" जमलेले सगळे माना डोलावतात. कित्येक नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर उभ्या गाडीची रेस मुद्दाम अडवून धरतो. धडधाकट गाडीही तिथेच अडली असती. पण पार्किंगमधल्या सभेत असा मुद्दा मांडणाऱ्याला कुणी चहा विचारत नाही.

तरी काकांना सरसकट हसू नये. हवा, पेट्रोल आणि ठिणगी, यांपैकी काहीतरी कमी पडतंय हे त्यांचं सूत्र आजही पक्कं आहे. सायलेन्सरमागे तळहात धरून "धूर जोरात येतोय, मागे चोंदलेलं नाही" असं ते सांगतात, ते कुठल्याही चांगल्या मिस्त्रीने मान्य करावं. त्यांच्यापेक्षा मला दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअर मुलाची भीती वाटते. तो डॅशबोर्डखाली एक डबी खोचतो, मोबाइलवर पी०१०१ वाचतो आणि जाहीर करतो, "एअर फ्लो सेन्सर गेला." कोड एवढंच म्हणत असतो की हवेचं माप हिशेबात बसत नाही. पण याने तिथल्या तिथे नवा सेन्सर मागवलेला असतो, आणि दोन दिवसांनी नवा सेन्सरही तेच सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एक गाडी अशी काका आणि कोड दोघांच्या हातून जाऊन शेवटी गॅरेजला पोचली. गॅरेजमधल्या पोऱ्याने काही न विचारता एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या. आत उंदराचं घरटं होतं: बॉनेटच्या अस्तराचा कापूस, चिंध्या, शेंगांची टरफलं. एवढ्यातून इंजिनाला मिळणारी हवा हळू चालायला पुरत होती, पळायला नाही. सेन्सर बिचारा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

त्या घरट्यात तंबाखूची पानंही निघाली. उंदीर येऊ नयेत म्हणून बॉनेटमधे तंबाखू ठेवायची, हा काकांचाच सल्ला. सगळ्या सोसायटीने तो पाळला होता. उंदरांनी ती पानं अंथरुणाला वापरली होती.

काकांना हे कळलं तेव्हा ते जराही वरमले नाहीत.

"मी काय म्हणालो होतो? कचरा! निघाला की नाही?"

यावर सोसायटीत कुणाकडेच उत्तर नव्हतं, कारण निघाला होता.

तेव्हा गाडी रेस घेत नसेल तर सेन्सर मागवण्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडून पाहा. बहुतेक गाड्यांत तो क्लिपांवर नाहीतर चार स्क्रूंवर असतो, आणि नवा फिल्टर सेन्सरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. पावसाळ्यात तर अधूनमधून पाहाच. तंबाखूवर विसंबू नका.