स यादीचं काय करणार?

पुण्यात महापालिकेचं मतदान 15 जानेवारी 2026 ला आहे. त्यामुळे सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात सध्या दाराच्या कडीत रोज दोन-तीन पत्रकं खोचलेली सापडतात. पक्ष कुठलाही असो, पत्रक एकाच साच्यातलं. वर नेत्यांचे फोटो, मानाच्या क्रमाने. खाली हात जोडलेले चार उमेदवार, कारण प्रभाग चारांचा. मागच्या बाजूला आश्वासनं: कोंडीमुक्त, टँकरमुक्त, कचरामुक्त, नशामुक्त प्रभाग. मेट्रोचा विस्तार. महिलांची सुरक्षा.

यातल्या निम्म्या गोष्टी नगरसेवकाच्या हातातच नाहीत. मेट्रो महामेट्रोची, पोलीस राज्य सरकारचे, खडकवासल्याचं पाणी जलसंपदा खात्याच्या ताब्यात. जे त्याच्या हातात आहे, त्याबद्दल पत्रकात अवाक्षर नाही.

त्याच्या हातात आहे ती स यादी. पुण्यात ज्याने कधी क्षेत्रीय कार्यालयाची पायरी चढली, त्याला हा शब्द ठाऊक आहे. नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांची अंदाजपत्रकातली ही यादी. यातूनच बाकडी येतात, कमानी येतात, नावाचे फलक येतात, कापडी पिशव्या वाटल्या जातात, धडधाकट पेव्हिंग ब्लॉक उखडून नवे बसतात. बाकड्याच्या पाठीवर नगरसेवकाचं नाव ठसठशीत रंगवलेलं असतं. पैसे तुमच्या-आमच्या मिळकतकराचे, नाव त्याचं. स यादीला पैसे कमी पडले की येतं वर्गीकरण, म्हणजे अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेली रक्कम उचलून दुसऱ्या कामाला देणं. कायद्यात त्याला जागा आहे आणि कधी कधी ते गरजेचंही असतं. पण सांडपाण्याच्या वाहिनीचे पैसे सुशोभीकरणाकडे वळत असतील, तर ती प्रभागाची फसवणूक आहे. अशा प्रस्तावावर तुम्ही हात वर करणार की विरोध नोंदवणार? उमेदवाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि इथे मला घाई करायची नाही.

जानेवारी 2025 मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक निघाले. हातापायातली ताकद जाऊ लागते, श्वासाचे स्नायू त्याच्या कचाट्यात सापडले तर व्हेंटिलेटर लागतो. राज्यात दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली, त्यातले बहुतेक पुण्याच्या परिसरातले. माणसं दगावली. कित्येक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. या पट्ट्याला पाणी मिळत होतं नांदेडच्या विहिरीचं. त्यात क्लोरीन टाकून ते पुढे सोडलं जाई, मध्ये जलशुद्धीकरण केंद्र नव्हतं. धायरी 2017 साली 11 गावांसोबत महापालिकेत आली होती. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही 2021 च्या 23 गावांमधली. म्हणजे गावं शहरात आली, कराची बिलं आली, टोलेजंग इमारती आल्या, पण शुद्ध केलेलं पाणी आलं नाही. आणि ते खडकवासला धरणाच्या पायथ्याशी आलं नाही!

या भागात मत मागणाऱ्या प्रत्येकाने सांगायला हवं की या गावांच्या जलशुद्धीकरण केंद्रासाठी मी पहिल्या अंदाजपत्रकात किती रक्कम मागणार आणि ती कमी पडली तर माझ्या स यादीतलं काय सोडणार. 'पाणीप्रश्न सोडवू' हे उत्तर आता ऐकून घेऊ नका. लोक आयसीयूत जाऊन आलेत.

या काळात जाब विचारायला नगरसेवक तरी कुठे होता? मागच्या सभागृहाची मुदत 14 मार्च 2022 ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं राज्यघटनेच्या 243-यू कलमात स्वच्छ लिहिलेलं असताना जवळजवळ चार वर्षं गेली. निवडणूक व्हायला मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. एवढ्या काळात स्थायी समितीचे अधिकारही आयुक्तांकडे आणि मुख्य सभेचेही त्यांच्याचकडे. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सुटलं आणि एकतानगरीतल्या सोसायट्यांत शिरलं, तेव्हा लोकांनी फोन करायचे ते माजी नगरसेवकांना. जे तेव्हा चिखलात उतरले, ते लोकांच्या लक्षात आहेत. जे उतरले नाहीत, तेही आहेत.

तिसरा मुद्दा पदपथाचा. इथे उमेदवारांची लबाडी सर्वांत उघडी पडते. संध्याकाळी सोसायटीच्या बैठकीत सांगायचं, 'पथारीवाले हटवू.' तासाभराने पथारीवाल्यांकडे जाऊन सांगायचं, 'पोटावर पाय येऊ देणार नाही.' दोन्हीकडे टाळ्या. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे. त्यात सर्वेक्षण आहे, विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली समिती आहे, विक्रीची क्षेत्रं ठरवायची तरतूद आहे. मला विचाराल तर विक्रेत्याला नेमून दिलेली, आखलेली जागा मिळाली पाहिजे आणि बाकीचा पदपथ काठी टेकत चालणाऱ्या आजींसाठी पूर्ण मोकळा राहिला पाहिजे. पटत नसेल तर उमेदवाराने तसं म्हणावं. पण रस्त्याचं नाव घेऊन बोलावं: या रस्त्यावर हो, त्या रस्त्यावर नाही. आणि तेच वाक्य दोन्ही बैठकांत बोलावं.

कचऱ्याचंही तसंच. 'कचरामुक्त प्रभाग' म्हणजे कचरा दुसऱ्याच्या दारात. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला. विहिरी नासल्या, आंदोलनं झाली. मग आपल्या प्रभागातला ओला कचरा प्रभागातच जिरवायचा, तर प्रकल्पाची जागा कुठली? हे निवडणुकीआधी सांगायची हिंमत असलेला उमेदवार मला हवा आहे. 'स्वच्छ' या संस्थेच्या कचरावेचक 2008 पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करतात. त्यांचं काम काढून ठेकेदाराला देण्याचा प्रस्ताव आला तर मत कुठे पडणार, हेही आताच कळू द्या.

चौकाचौकातल्या विनापरवाना फ्लेक्सबद्दल फार लिहीत नाही. ज्याचा स्वतःचा फ्लेक्स सिग्नलच्या खांबाला बांधलेला आहे, त्याने शहराच्या शिस्तीवर बोलू नये.

एक चांगली तरतूद मात्र धूळ खात पडली आहे, ती उमेदवारांनीच उचलावी. 2009 मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभा आली, म्हणजे गावात ग्रामसभा भरते तशी शहरात मतदारांची सभा. ती कागदावरच राहिली. पुण्यात नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायची पद्धतही 2006 पासून आहे, पण आपण सुचवलेल्या कामाचं पुढे काय झालं, हे कळायला अर्जदाराला खेटे घालावे लागतात. दर सहा महिन्यांनी क्षेत्रसभा बोलावीन आणि स यादीतल्या प्रत्येक कामाची रक्कम, ठेकेदाराचं नाव आणि बिलाची तारीख तिथे वाचून दाखवीन, एवढं एकच आश्वासन कुणी पत्रकावर छापलं तर बाकीचा कागद कोरा असला तरी चालेल.

एखादी उमेदवार तुमच्या तोंडावर म्हणाली की हे महापालिकेच्या हातात नाही, मी हे करू शकणार नाही, तर तिच्यावर रागावू नका. तिने काम समजून घेतलंय.

या आठवड्यात चौघेही तुमच्या दारात येतील. त्यांना आत बोलवा, बसवा, स यादी आणि वर्गीकरणाबद्दल विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत पाणी देत राहा. यंत्रावर अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची आहेत. चारही एकाच पक्षाला दिली पाहिजेत असा कुठलाही नियम नाही. प्रत्येक जागेसाठी माणूस वेगळा तपासा.