मेव्हण्याचा जिल्हा चुकला

इस्लापूरकरांची सोयरीक पैनगंगा ओलांडून जाते. सहस्रकुंडाला अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. मुलगी द्यायला पलीकडचं घर चालतं, बैल घ्यायला चालतं, उसनवारीला तर पळतच येतं. फक्त जामीन राहायची वेळ आली, कोर्टाने ‘स्थानिक जामीनदार आणा’ म्हटलं, की सख्खा मेव्हणा परका. सातबारा खरा, ऐपत खरी. जिल्हा तेवढा चुकला!

दुखणं जुनं आहे. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. त्याने सख्खा भाऊ उभा केला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नकार. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी कान उपटले आणि १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला लावलं. ‘स्थानिक’चा हट्ट नको, हे त्याच न्यायालयाला ३१ जानेवारी २०२३ ला पुन्हा सुचवावं लागलं. पंचेचाळीस वर्षं म्हणजे आपल्याकडे ताजीच तारीख.

दरम्यान जामिनाच्या अटींना कल्पकतेचे धुमारे फुटले. २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला फिर्यादीच्या घरी जाऊन राखी बांधून घ्यायला सांगितलं, वर ओवाळणीही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती राखी सोडवली. बिहारमध्ये एकाला गावातल्या सगळ्या बायकांचे कपडे धुऊन इस्त्री करायची अट घातली. दिल्लीत एका आरोपीला गुगल मॅपवर पिन टाकायला लावली, म्हणजे तपास अधिकाऱ्याला तो कुठे आहे ते दिसेल. पुढे खुद्द गुगलनेच सांगितलं, की पिनवरून माणसाचा माग लागत नाही. जुलै २०२४ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयां यांनी ती पिन उपटली.

पण राखी, पिन उपटायला वकील दिल्लीपर्यंत जावा लागतो. मुंबईत एका नटाच्या मुलाची जामिनाच्या अटीतली दर शुक्रवारची हजेरी उच्च न्यायालयाने महिना-दीड महिन्यात माफ केली. ज्याचा वकील तालुक्याच्या पायरीपुढे जात नाही, त्याचा जामीन कागदावर मंजूर आणि मुक्काम तुरुंगात.

म्हणून मेव्हण्याला शिव्या घालण्याआधी हे ध्यानात ठेवा. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आहे. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट आपणहून अट सैल करू शकतं. वकीलही फुकट मिळतो. तालुका विधी सेवा समितीत जाऊन मागा. न मागता या देशात फक्त अट मिळते.