काचेखालचा पासवर्ड

रबाळे एमआयडीसीत हल्ली डेटा सेंटरांची घरघर चोवीस तास चालू असते. सिफी कंपनीचंही एक इथे आहे. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली. तशा दिवसासाठीच डिझेल जनरेटरांची फौज पोसायची असते.

शेजारच्या गल्लीतल्या आमच्या नटबोल्टवाल्या शेठनीही आता आधुनिक व्हायचं ठरवलंय. ईमेल, कॅलेंडर, सामायिक फायली, सगळं अशाच डेटा सेंटरांतून, माणशी मासिक भाड्याने. एका शीटवर दहाजण एकाच वेळी काम करू शकतात म्हणे. करतात एकटे अकाउंटंट काका, कारण लायसन एकच घेतलंय! पासवर्ड त्यांच्या टेबलाच्या काचेखाली, गणपतीच्या फोटोशेजारी. शीटचं नाव ‘फायनल नवीन खरंच फायनल 3’. शेठना ती कागदावरच हवी; मग प्रिंट, शिक्का, सही, स्कॅन आणि पुन्हा अपलोड.

विक्रेता छातीठोकपणे सांगतो, सेवा 99.9 टक्के वेळ चालू राहील. म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. शेठ साइटवर गेले की आमची सही एवढा वेळ एका आठवड्यात बंद असते.

पुढच्या वर्षीचं भाडं भरण्याआधी शेठ, काचेखालचा तो कागद तेवढा काढा.