महिनाअखेरचं आरोग्य

25 तारखेनंतर मध्यमवर्गीय घराला अचानक प्रकृतीची काळजी वाटू लागते. चालणं हृदयाला चांगलं म्हणून रिक्षा बंद, प्रोटीन मिळतं म्हणून रोज मटकीची उसळ, आणि बाहेरचं तेल बरं नसतं म्हणून वडापाव वर्ज्य. पगार झाला की हीच मंडळी हॉटेलच्या दारात नंबर लावून उभी.

हात आखडला की पूर्वी वाणी होता. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी डोक्यावर टांगून खाली लाल वहीत तो मुकाट्याने लिहून घ्यायचा. व्याज नाही. फार तर तांदूळ मोजताना ‘मागचं तेवढं बघा हं काका’ म्हणायचा, तेही शेजारीणबाईंना ऐकू जाईल अशा बेताने.

ती लाज नको म्हणून आपण क्रेडिट कार्ड घेतलं. ते किती अदबीने वागतं! बिलाची साधारण 5 टक्के ‘किमान रक्कम’ भरा म्हणतं, बाकीचं सावकाश. या सावकाशीचा दर बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला 40च्या वर. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा. (गावच्या सावकाराला आपण उगाच नावं ठेवली.) शिवाय थकबाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे आज घेतलेल्या दुधावर आजपासूनच व्याज.

तेव्हा पुढच्या महिन्यात अगदीच अडलं, तर सरळ थोरल्या भावाकडे मागा. तो चार गोष्टी सुनावेल, पण त्यांवर जीएसटी लागत नाही.